वरवंट्याचं माप

पिवळी पिशवी सापडली ती सटीच्या, बाळाच्या सहाव्या, दिवशी सकाळी, आणि सापडली तीही नेमकी सत्यवती आतेच्या, हर्षाच्या आतेसासूच्या, हाताला.

संध्याकाळच्या पूजेला पाटाखाली अंथरायला कपडा हवा म्हणून आतेनं बाळंतिणीच्या खोलीतली हर्षाची ट्रंक उघडली. वरच्या दोन साड्या बाजूला केल्या आणि तळातून लोकरीची ती पिशवी ओढून काढली. हळदीच्या रंगाची, खाली गोल, वर गळ्यापाशी उलट-सुलट टाक्यांची पट्टी. आतेनं ती दोन बोटांत धरून जनेलाच्या गजांपाशी उजेडात नेली, उलटी केली, आत हात घालून बघितला.

"ह्या काय गो?"

बाळाला कुशीत घेऊन हर्षा खाटेवर बसली होती. खोटं बोलायला सवड होती, पण तिनं ते केलं नाही.

"बाळासाठी विणलीय, आते. पायांपासून गळ्यापर्यंत आत ठेवायचं. कोशात असतं तसं. हातपाय मारले तरी उघडं पडत नाही."

"कधी विणलंस?"

"सातव्या महिन्यात."

आतेनं पिशवी ट्रंकेवर टाकली. "जन्माच्या आधी कपडो करून ठेवलंस! म्हणान तो धावत इलो. अंगडां तयार आसा म्हटल्यावर पोटात कोण थांबतला?"

हर्षा बी. एस्सी. होती. दोन वर्षं तिनं म्हापशाच्या शाळेत विज्ञान शिकवलं होतं. हे ऐकून तिला हसू यायला हवं होतं. पण इस्पितळातल्या पाळण्याला लावलेल्या चिठ्ठीवर 'एक किलो नऊशे पन्नास' हे आकडे वाचले, तेव्हापासून तीही मनात हेच म्हणत आली होती. पहिलं बाळंतपण डिचोलीला माहेरी व्हायचं ठरलेलं. फेब्रुवारीत बाबा न्यायला येणार होते. पोरगं जानेवारीतच आलं, आठव्यात, आणि सासरच्या धारगळच्या घरातच सगळं करावं लागलं.

इस्पितळातून घरी येऊन दोन दिवस झाले होते. निघताना डॉक्टरीणबाईंनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या: ऊब, आईचं दूध, आणि धूर अजिबात नको. घरी आल्या आल्या आतेनं खाटेखाली शेगडी सरकवली. निखाऱ्यांवर ओवा, लसणीच्या साली, धूप. काल दुपारी बाळाला ठसका लागला आणि ओठांच्या कडा निळसर झाल्या. हर्षानं नवऱ्याचं, निलेशचं, घड्याळ मागून घेतलं आणि श्वास मोजले. मिनिटाला अडुसष्ट, साठाच्या आत हवे होते. शेगडी बाहेर ठेवली तर तासाभरात तळपाय गार. पहाटे महामार्गापलीकडच्या शेतांवरून धुकं थेट अंगणापर्यंत यायचं, कौलांतून गारवा उतरायचा. म्हणजे आते म्हणत होती ते खोटं नव्हतं. डॉक्टरीणबाईंचंही खोटं नव्हतं. दोन्ही खरं असताना काय करायचं, ते कुठल्या पुस्तकात नव्हतं.

पिवळी पिशवी तिनं काल गुपचूप घालून बघितली होती. पुऱ्या दिवसांच्या बाळाच्या अंदाजानं विणलेली, त्यात हा कुठच्या कुठे बुडाला.

"आज सटी," आते म्हणाली. "तिन्हीसांजेक धुरी घट्ट करूची. खोली भरूक होयी."

"आते, आज धुरी नको."

हर्षाचा आवाज चढला नव्हता. तरी स्वयंपाकघरातलं खोबरं किसणं थांबलं.

"काय म्हणालंस?"

"धुरी नको. आजही नको, उद्याही नको. त्याला श्वास पुरत नाही. मी मोजलेत."

"श्वास मोजलेत!" आतेनं कपाळाला हात लावला. "वजन केलां, श्वास मोजले, आता आणखी काय मोजूचां रवलां? वाड्यावरची निम्मी पोरां ह्या मांडयेर न्हायली गो. तुझो घोव निलेशसुद्धा."

एवढ्यात जीप थांबली. डिचोलीहून हर्षाचे आईबाबा आले होते. आईच्या, शालिनीबाईंच्या, हातात पेज-डाळीची पिशवी होती, डाव्या बगलेत नवं पांघरूण, आणि चेहऱ्यावर ठरवून आणलेली गोष्ट.

"विहीणबाई, रागावू नका," पाय धुऊन आत आल्या आल्या त्या आतेला म्हणाल्या, "पण पोरीला मी न्यायलाच आलेय. पहिल्या खेपेला माहेर हवं."

"न्या," आते म्हणाली. "खाणीच्या ट्रकांच्या त्या धुळीतसून सहा दिवसांच्या पोराक न्या. तुमची मुलगी धुराक भिता, धुळीक भियाची नाय."

शालिनीबाई खाटेशी वाकल्या. नातवाला बघितलं आणि त्यांच्या ठरवलेल्या गोष्टीतली निम्मी हवा तिथेच गेली. एवढा जीव जीपमधून न्यायचा कसा? मग त्यांनी तळपायाला हात लावला.

"अगो, गार आहे हा! शेगडी कुठे आहे?"

"मीच बाहेर ठेवायला लावली, आई."

"हर्षा! शेगडी तर हवीच. आमच्याकडेही असते. तुझ्या वेळी सव्वा महिना होती."

आतेनं काही बोलायची गरज उरली नाही. ती नुसती शालिनीबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली. हर्षानं आईकडे बघितलं, मग दाराकडे. दारात निलेश होता. त्याला दोन्ही बाजूंना मान हलवायची सवय होती, आणि आत्ताही तो तेच करत होता.

तेव्हा हर्षाच्या सासूबाई, रुक्मिणीबाई, स्वयंपाकघरातून आल्या. हाताला खोबरं लागलेलं. सून घरात आल्यापासून दोन वर्षांत त्यांनी नणंदेच्या शब्दापुढे शब्द टाकलेला कुणी ऐकला नव्हता.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "तेका ऊब होयी, इतक्याच मां? लोकरीन मिळूक शकता तर एक दिस बघूया. दिवाबत्तीच्या वेळार पोराक त्या पिशवेत घालूचा. एक तास. इस्तो नाय, धूर नाय. पावलां गरम रवली तर शेगडी बाहेर. थंड पडली तर तुमी म्हणशात तशी धुरी."

"आणि मग हिणा आडवां बोलूचां नाय," आते म्हणाली.

"सव्वा महिना तोंड उघडणार नाही," हर्षा म्हणाली.

आतेनं पिवळी पिशवी पुन्हा उचलली आणि ट्रंकेत टाकून झाकण लावलं. "ही नाय. बारशाच्या आदी कोरां अंगाक लावूचां नाय. जुन्यार होयी. जित्या माणसान वापरलेलां, वय झाल्यान."

घरात वय झालेल्या जित्या माणसाची लोकर एकच होती. ती त्या क्षणी हर्षाच्या सासऱ्यांच्या अंगात, सोप्यावर बसून दारावर आलेल्या पोदेराकडून घेतलेला पाव चहात बुडवत होती.

*

रामचंद्र मास्तरांनी स्वेटर काढून दिला तेव्हा निलेशला वाटलं, बाबा निदान विचारतील तरी. वीस वर्षांपूर्वी पुण्याला शिक्षकांच्या शिबिराला गेले होते तेव्हा घेतलेला, विटकरी रंगाचा. दर थंडीत तो अंगात असायचा. त्यांनी बटणं काढली, बाह्या सोडवल्या आणि तो सुनेच्या नावानं आत पाठवून दिला. "कोपरापाशी विरलाय, तेवढं सांभाळा," एवढंच म्हणाले.

तासाभरात स्वेटरचा स्वेटर राहिला नाही. हर्षा खाटेवरून सांगत होती आणि रुक्मिणीबाई उसवत होत्या. लोकर कुरळी सुटली. ती कढत पाण्यातून काढून, पिळून, दोन कदेलांच्या, खुर्च्यांच्या, पाठींना गुंडाळून उन्हात ठेवली. अकरापर्यंत सरळ झाली. आता लड्यांचे गुंडे करायचे होते, आणि बायकांचे हात पूजेच्या तयारीत अडकले होते.

म्हणून सोप्यावर मास्तर दोन्ही हात पुढे करून बसले. मनगटांवर लोकरीची लड. समोर व्याही गोकुळदास, डिचोलीच्या बाजारात कापडाचं दुकान असलेले. ते गुंडा करत होते.

दोघं महिनाभर एकमेकांशी बोलले नव्हते. डिसेंबरात आंदोलकांनी रस्त्यांवर झाडं आडवी पाडली, बसगाड्या बंद झाल्या, आणि कोंकणी की मराठी ह्या राजभाषेच्या वादात हे दोघं दोन टोकांच्या सभांना बसले. त्या रागात गोकुळदास लेकीच्या ओटीलाही आले नव्हते. हट्टानं ते आता सगळीकडे कोंकणीच बोलत.

"मास्तर, तुमी कितेंय म्हणात, राजभास कोंकणीच जातली. आनी राज्यूय जातलें."

"राज्य होऊ दे. तुम्ही आधी धागा सैल सोडा, ताणला तर लोकर मरते."

"म्हाका शिकयतात? हांव कापडाचो वेपारी."

"कापडाचे. लोकरीचे नव्हे. पोर्तुगीज होते तेव्हापासून ह्या तालुक्यात मराठीतून शिकवतोय मी. पोरं घरी काय बोलतात ते मला ठाऊक आहे, आणि पत्र कशात लिहितात तेही ठाऊक आहे."

"पत्र सोडात. आतां भितर भुरगें रडटा, तें खंयचे भाशेंत?"

"भुकेच्या," मास्तर म्हणाले. "अंगठा बाजूला घ्या, गाठ बसेल."

निलेशला हसू आलं. एकाच्या हातात लड, दुसऱ्याच्या हातात गुंडा. आता रागानं उठून जायची दोघांनाही सोय नव्हती.

"निलेश!" आतून आतेची हाक. "करवंट्यांचे कोळसे पेटव. तिन्हीसांजेक इस्तो तयार होयी."

तो उठला. सवयीनंच उठला. पेडण्याच्या मामलेदार कचेरीत साहेबानं हाक मारली की उठायचा, तसाच. अंगणात करवंट्यांचा ढीग होता. तो ढिगापाशी गेला, आणि तिथून त्याला जनेलातून हर्षा दिसली. घड्याळ तिच्या मांडीवर होतं, ओठ हलत होते. ती पुन्हा मोजत होती. काल तिनं त्याला विचारलं होतं, "तुम्ही नक्की कुणाच्या बाजूला?" आणि तो म्हणाला होता, "सगळ्यांच्याच." त्यावर ती घड्याळाकडे वळून पुन्हा मोजू लागली होती. तेच जास्त लागलं होतं.

तो परत आत गेला. "आते, कोळसे मी पेटवणार नाही."

"कोण पेटवतला मगे?"

"तास होऊ दे. मग बघू."

"बायलेन शिकयला तुका."

"हो," निलेश म्हणाला. "विज्ञान. म्हापशात बाकीच्यांनाही शिकवायची."

मास्तर सोप्यावरून मोठ्यानं हसले आणि लड त्यांच्या हातातून निसटली.

*

लोकर तयार झाली, सुया तयार झाल्या, आणि मग सगळं मापापाशी अडलं.

हर्षानं शिवणाची टेप मागितली तेव्हा सत्यवती आतेनं ती चक्क पदराखाली घेतली. जित्या पोराला माप लावायचं नाही. टेप नाही, दोरी नाही, वीतही नाही. वाढ खुंटते.

"पण मापाशिवाय विणायची कशी, आते? पहिली मोठी झाली ती ह्यामुळेच ना?"

"बाळंतिणीन सुई हातात घेवची नाय, ताही आसा."

हर्षानं जाड सुई पुढे केली. "हिला नेढं कुठाय, बघा. नेढं नाही तर सुई कसली?"

आतेनं सुई फिरवून बघितली. टोक बोथट, दुसऱ्या टोकाला बोंड. नेढं खरंच नव्हतं. ती म्हणाली, "बरां. पण माप नाय."

गोकुळदासांनी सोप्यावरून सुचवलं, परसात कोहळा आहे, साधारण तेवढाच. आते ओरडली. कोहळा कापतात, बळीच्या जागी कापतात, त्याच्याशी पोराची बरोबरी! व्याह्यांना कापड मोजण्याशिवाय काही कळतं की नाही? गोकुळदास चपला घालून अंगणात गेले.

देवघरासमोर पाटा-वरवंटा मांडलेला होता. सकाळीच सत्यवतीनं तो तीनदा धुतला होता, मिरचीचा वास जाईपर्यंत. संध्याकाळी त्याचीच पूजा. सटवी त्याच्यावर येते आणि पोराच्या कपाळावर लिहून जाते. बाराव्या दिवशी ह्याच वरवंट्याला अंगडं-टोपडं घालून बायका पाळण्याखालून देतात-घेतात, बाळ म्हणून. सत्यवती त्याच्याकडे बघत राहिली. मग ती उठली, हात धुतले, आणि बाळंतिणीच्या खोलीत येऊन म्हणाली, "पोराक हाड हकडे."

हर्षानं क्षणभर बाळ घट्ट धरलं. मग दिलं.

सत्यवतीनं नातू डाव्या हातावर घेतला. रुक्मिणीनं आणून दिलेला वरवंटा उजव्या हातावर घेतला. दोन्ही छातीशी धरले आणि डोळे मिटले. माप लावायला बंदी होती, हातांना बंदी नव्हती. तिचे हात पन्नास वर्षं पोरं उचलत आले होते. वरवंटा खांद्याइतकाच रुंद होता. लांबीला थोडा कमी. एवढं कळलं आणि त्याबरोबर आणखी एक कळलं, जे तिनं विचारलं नव्हतं. दगड जड होता. पोरगं हलकं होतं. रुक्मिणीच्या पहिल्या पोरीसारखंच हलकं.

तिनं डोळे उघडले. रुक्मिणी तिच्याकडेच बघत होती.

"वरवंट्यापेक्षा चार बोटां लांब," सत्यवती म्हणाली. "वयर आणखी दोन बोटां सोड. पोर वाढतला. वरवंटो वाढूचो नाय."

मग तिनं वरवंटा हर्षाच्या खाटेवर ठेवला, उशीला टेकवून, आणि का कोण जाणे, त्याच्यावर पांघरुणाचं टोकही ओढलं.

*

धागा दुहेरी, सुया जाड, टाके बेचाळीस. हर्षाची बोटं चालायला लागली की रुक्मिणीबाईंना ती बघत बसावंसं वाटायचं. दर चार ओळींनी ती विणकाम वरवंट्याला लावून बघायची. दगडाच्या अंगावर विटकरी पट्टा चढत होता. पण पोराला दर दीड-दोन तासांनी पाजायचं होतं, आणि पाजायला अर्धा-पाऊण तास लागायचा. दोन घोट घ्यायचा, दमायचा, झोपायचा. दुपारचे दोन वाजले आणि काम निम्मंही झालं नव्हतं.

"आई, तुम्ही विणाल?" हर्षानं सासूला विचारलं.

"माका खंय येता?"

"सुलट टाका सोपा असतो. हे बघा. आत घाला, धागा गुंडाळा, काढून घ्या, जुना सोडून द्या."

रुक्मिणीबाईंनी सुया धरल्या. पहिल्या ओळीला घाम फुटला. दुसऱ्या ओळीला शालिनीबाई शेजारी येऊन टाके मोजू लागल्या, "चाळीस... एक्केचाळीस... एक खाल्लात विहीणबाई, मागे जा." तिसऱ्या ओळीला लय सापडली. त्यांचे टाके हर्षाच्या टाक्यांपेक्षा घट्ट होते. पिशवीला मधोमध कंबर आली.

"कमरेत आवळली," शालिनीबाई म्हणाल्या.

"आसूं दे. बापसाची ढेरी येवची नाय तेका," रुक्मिणीबाई म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्या. विहिणीसमोर त्यांनी आजवर थट्टा केली नव्हती. शालिनीबाईंनी हसत हसत गुंडा त्यांच्याकडे सरकवला. त्यानंतर शेगडीचं नाव त्यांनी काढलं नाही.

पावणेसहाला हर्षानं शेवटचे टाके बंद केले. बाजूची शिवण शालिनीबाईंनी घातली. बारीक सुईला नेढं असतं आणि त्या बाळंतीण नव्हत्या. जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यात गुंडाळून पोराला आत सरकवलं. पाय, पोट, हात, खांदे, आणि गळ्यापाशी पट्टी सैलसर बसली. चेहरा मोकळा. मास्तरांच्या स्वेटरातून नातवाचं तोंड बाहेर आलं.

शेगडी आतेनं स्वतःच पेटवली, पण ती सोप्यावरच राहिली. दार ओढून घेतलं. निलेशच्या घड्याळात सहाला पाच कमी होते.

खोलीत बायकाच राहिल्या. हर्षा खाटेवर, शालिनीबाई तिच्या पायथ्याशी, रुक्मिणीबाई दाराशी. सत्यवती जमिनीवर बसली होती, हात खाटेवर, बाळाच्या पावलांजवळ. पण ती लावून बघत नव्हती. तास म्हणजे तास.

बाहेर गारवा उतरत होता. रुक्मिणीबाईंना ती दुसरी खोली आठवत होती, म्हणजे हीच, एकतीस वर्षांपूर्वीची. तेव्हाही आठवा महिना. मुलगी. नऊ दिवस. नाव ठेवायचं राहिलं. खोलीत एवढा धूर असायचा की पोरीचं तोंड नीट बघायला मिळालं नाही. ज्या सकाळी ती हलेनाशी झाली त्या सकाळपासून रुक्मिणीबाईंनी मनात एकच धरलं होतं: धुरानं नेली, आणि धुरी वन्संनी केली. हे त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"रुक्मिणी," सत्यवती खाली बघत म्हणाली. "त्या दिसा शेगडी इझलेली."

"कधी?"

"आपल्या पोरीच्या वेळार. नवव्या दिसा. माझो डोळो लागलो. उठलंय तेव्हा सगळी राख. मी फुंकर मारून परत पेटवलंय, कोणाक कळाच्या आत. पण तोपर्यंत पोरगी थंड." तिचा आवाज तसाच होता, वाटण किती लागेल ते सांगावं तसा. "म्हणान मी इस्तो सोडणंय नाय. कोणाच्या पोराच्या वेळार सोडणंय नाय."

रुक्मिणीबाईंना कळायला वेळ लागला. "म्हणजे धूर नव्हतो?"

"राखेक खंयचो धूर?"

एकतीस वर्षं एकीनं धूर धरला होता, दुसरीनं थंडी. एकाच सोप्यावर भाजी निवडली, एकाच चुलीवर जेवण केलं, आणि हे एकमेकींना सांगितलं नाही. रुक्मिणीबाईंना राग यायला हवा होता. त्यांनी तो शोधलाही. त्याऐवजी त्यांना दिसली ती सत्यवती, तेव्हाची, चाळिशीही न गाठलेली, राखेवर फुंकर घालणारी.

"माझो पण डोळो लागलेलो, वन्सं," त्या म्हणाल्या. "मी कुशीकच होतंय तिच्या."

हर्षानं सासूकडे बघितलं. मग आतेकडे. ह्या घरात आपल्या आधी कुणीतरी असंच मोजत बसलं होतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

*

सातला पाच कमी असताना हर्षा म्हणाली, "आते, बघा."

तिला स्वतःला हात लावायचा धीर नव्हता. तासभर तिनं लावला नव्हता. गार असेल तर आधी दुसऱ्या कुणाला तरी कळू दे.

सत्यवतीनं दोन्ही तळहात एकमेकांवर घासले, आपल्या हाताचा गारवा पोराला लागू नये म्हणून. पिशवीची गळपट्टी सैल केली आणि हात हळूहळू खाली नेला. छाती. पोट. गुडघे. तिथे हात थांबला. तिच्या चेहऱ्यावर काहीच दिसेना.

"आते?"

"थांब गो." ती पुन्हा चाचपडली. "एक पावल... दुसरां..." आणि मग तिनं हात बाहेर काढला, नाकाशी नेला आणि म्हणाली, "गरम आसा. भाकरेसारखो गरम आसा. आणि मुतलो."

शालिनीबाई हसायला लागल्या. हर्षा हसली नाही. तिनं घाईनं हात आत घातला. खरंच गरम. आणि खरंच ओलं. लुगड्याच्या तुकड्यातून ओल लोकरीपर्यंत गेली होती. आत्ता गरम होतं ते घटकाभरात बर्फ होणार. तिनं एवढा विचार केला होता, वजनाचा, श्वासांचा, टाक्यांचा, आणि पिशवी केली होती एकच.

"जुन्या लुगड्यांत गुंडाळू तोवर," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "मी छातीकडे धरतंय." त्यांनी पोराला बाहेर काढलं, कोरडं केलं, दुहेरी गुंडाळलं आणि पदराखाली घेतलं. ओली पिशवी हर्षाच्या हातात राहिली. धुऊन वाळायला उद्याचं ऊन.

आता आते काय म्हणेल ते हर्षाला ठाऊक होतं. एक तास ठरला होता, तो झाला. पण रात्र पुढे होती, आणि सोप्यावर शेगडी होती, आणि आतेच्या बाजूनं सगळंच होतं. तिनं तोंड उघडायच्या आधी आते उठली. गुडघ्यावर हात टेकून, कण्हत उठली, आणि दार उघडून सोप्यावर गेली. हर्षा जनेलाशी सरकली.

सोप्यावर मास्तर आणि निलेश शेगडीपाशी हात शेकत उभे होते. गोकुळदास डिचोलीला परतायच्या तयारीत होते. थंडीत उघड्या जीपचा प्रवास, म्हणून त्यांनी डोकं, कान आणि गळा एका लांबलचक करड्या मफलरात गुंडाळून घेतला होता. नाक तेवढं दिसत होतं.

आतेनं शेगडीकडे बघितलंही नाही. ती व्याह्यांपुढे जाऊन उभी राहिली.

"व्याह्यांनो, ह्या गळ्यातलां लोकरीचां मां?"

"व्हय. कित्याक?"

"किती वर्षां वापरलात?"

"धा-बारा जालीं आसतलीं." गोकुळदासांना काही कळेना. "जालें कितें? भुरगें बरें आसा मगो?"

"भुरगां बरां आसा. पावलां गरम आसत. मुतलो. दुसरी पिशवी होयी, आताच्या आता. काडा."

गोकुळदासांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी खांदे उडवले. त्यांच्या अंगात सकाळपासून नुसता सदरा होता.

"आमची लोकर चलता तुमकां?" गोकुळदास म्हणाले. "कोंकणीवाल्यांची?"

"ऊब येता मां तिका? मगे चलता," आते म्हणाली. "निलेश, शेगडेर पाणी तापत ठेव. लोकर शेकून सरळ करूची आसा. इस्तो फुकट कित्याक घालवूचो?"

व्याह्यांनी मफलर सोडला. एक वेढा, दुसरा वेढा, तिसरा, आणि त्यांचं टक्कल उघड्या थंडीत आलं. आतेनं तो हातावर झेलला आणि आत आणून हर्षाच्या मांडीवर टाकला.

"घे. खंयसून सुटता बघ. मी वरवंटो हाडतंय. सटवी घटकाभर थांबतली."

हर्षानं मफलरच्या दोन्ही कडा दिव्याजवळ धरल्या, एकेक टाका बोटानं चाचपला, आणि जिथून तो सुटायचा होता ते टोक तिला लगेच सापडलं.